ओठावरचा जर

ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा घोस उठतो, दोन दिवस ठणकतो, मग फुटतो, खपली धरतो आणि आठ-दहा दिवसांत नाहीसा होतो. आपल्याकडे म्हणतात, जर उठला. अंगातली उष्णता बाहेर पडली, झालं! लोणी लावा, ताक प्या. तुमच्या-आमच्या घरात कोणाला ना कोणाला तो उठतोच, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जाणारा माणूस विरळा. खवणेकरांच्या घरातलंही कोणी कधी गेलं नव्हतं. त्या घरात काय घडलं, ते म्हणूनच सांगायला हवं.

मालवणच्या उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका वाडीत खवणेकरांचं घर आहे. घरात हौसाबाई, त्यांचा एकुलता मुलगा विनीत आणि सून संचिता. विनीत मालवाहू बोटीवर फिटर. जानेवारीत तो साडेसहा महिन्यांनी घरी आला, तेव्हा संचिताला आठवा महिना सरत आला होता. तो गेला तेव्हा तिला नुकते दिवस राहिले होते. आता ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तो तिच्याकडे बघून नुसता हसत होता.

हसताना त्याचा ओठ दुखला. खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात जर उठला होता.

"गो संचिता, लोणी हाड जरा," हौसाबाई म्हणाल्या. "उनात रवान रवान झिलाचो ओठ बघ कसो झालो!"

"डॉक्टरांक दाखवया काय?" संचिताने विचारलं.

"जराक कोण डॉक्टर दाखवता?" विनीत म्हणाला. "लहानपणापासून उठता माका. वर्साक दोन वेळा. आपोआप जाता."

साडेसहा महिन्यांची ताटातूट होती. नवरा-बायको जवळ आली, यात नवल ते काय? संचिताने एकदा म्हटलंही, "थांबा हो, ता सुकांदे आधी." फोड फुटून ओला झाला होता, तिला किळस नव्हे पण काळजी वाटली. विनीत हसला. "माका दुखणा नाय, तर तुका कशाक?" आणि तो विषय तिथेच संपला.

नऊ दिवसांनी संचिताला ताप भरला. अंग मोडून आलं, जांघेत गाठी आल्या. दुसऱ्या दिवशी लघवीला बसली तर निखारा लागावा तशी आग झाली. नाजूक जागी फोड आले होते, एक-दोन नव्हे, घोसच्या घोस. तिला पाय टाकता येईना. आई तिची लहानपणीच गेलेली. अशा वेळी बाई कोणाला सांगणार? तिने सासूला सांगितलं.

हौसाबाईंनी दार लावून पाहिलं आणि त्या एकदम मागे सरल्या.

"ह्या काय गो? ह्या असला आमच्या घराण्यात कधी कोणाक झाला नाय."

"म्हंजे काय, आई?"

"माका काय विचारतस? तुकाच म्हायत."

हौसाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. सुनेला डोहाळ्यात काय हवं-नको ते त्यांनीच पाहिलं होतं. पण बाईच्या त्या जागी काही झालं म्हणजे बाईनेच काहीतरी केलं, हे त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या, आणि ऐकलेलं सहसा कोणी तपासून बघत नाही. संध्याकाळी त्यांनी ते मुलाच्या कानावर घातलं.

विनीतने मोबाइलवर शोधलं. पहिल्याच ओळीत होतं, 'शरीरसंबंधातून पसरणारा आजार'. त्याने मोबाइल खाली ठेवला. त्या ओळीखाली आणखी काही ओळी होत्या आणि त्यांत ओठावरच्या फोडांबद्दल लिहिलेलं होतं. त्या त्याने वाचल्या नाहीत.

"खरा सांग," तो संचितासमोर येऊन उभा राहिला. "कोण आसा?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाटेचा कठडा धरून उठली.

"तुमी काय बोलतास?"

"मी सा महिने पाण्यार होतंय. माका खाली एक पुटकुळी नाय. मगे ह्या तुका खंयसून इला? तू मालवणाक कामाक जायस. थंय धा माणसा येतत."

संचिता सातव्या महिन्यापर्यंत मालवणात एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम करत होती. तिथे माणसं यायची, दाखले मागायची, जायची. ती काय उत्तर देणार? हे फोड कुठून आले ते तिलाही ठाऊक नव्हतं. निरपराध माणसाची हीच मोठी अडचण असते, त्याच्याजवळ सांगायला काही नसतं.

"देवाशपथ, माका काय्येक म्हायत नाय," एवढंच ती म्हणाली. विनीतने ते ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धामापूरला तिच्या वडिलांना फोन लावला. त्यांना सगळे भाईच म्हणत. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांची सुपारीची बाग, देवळाच्या कमिटीत मान, शब्दाला वजन. "तुमच्या चेडवाक काय रोग झालो, तो तिकाच विचारा," विनीत म्हणाला, "आणि बाळंतपण झाला की घेवन जावा तिका."

संचिताने त्याच दिवशी वडिलांना तीनदा फोन केला. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा भाईंनी उचलला. "आधी बाळंतपण होवंदे," ते म्हणाले. "मगे बघूया." आणि त्यांनी फोन ठेवला. तिने कानाला लावलेला मोबाइल बराच वेळ खाली घेतला नाही.

फोड अडीच आठवड्यांनी आपसूक सुकले. विनीत त्याच घरात राहत होता, पण बायकोशी बोलत नव्हता. तो पडवीत झोपे, पडवीत जेवे. वाडीला काहीतरी आहे याचा वास लागला होता. विहिरीवर हौसाबाईंनी शेजारच्या राधाबाईंना अर्धवट काहीतरी सांगितलं होतं, आणि अर्धवट सांगितलेली गोष्ट लोक आपापल्या परीने पुरी करतात.

नवव्या महिन्यातल्या तपासणीला सरकारी दवाखान्यात हौसाबाई सोबत गेल्या. तिथल्या सिस्टरने नेहमीप्रमाणे एकेक गोष्ट विचारली. रक्तदाब घेतला, सूज पाहिली आणि मग म्हणाली, "मधल्या काळात ताप, अंगावर पुरळ, खाली फोड, जळजळ, असं काही झालं होतं?"

संचिताने तोंड उघडलं. पण तिच्याआधी हौसाबाई बोलल्या, "काही नाही हो बाई. सगळं बरं आहे."

सिस्टरने संचिताकडे पाहिलं. "काही नाही ना?"

सासूचा हात तिच्या मांडीवर होता. बोटं रुतत होती.

"नाही," संचिता म्हणाली.

रिक्षात बसल्यावर हौसाबाईंनी सुस्कारा सोडला. "एकदा थंय लिवला की सगळ्या वाडयेक कळता. घराचा नाव जाता, बाय." काय हा अनर्थ! त्या टेबलासमोर एक 'हो' म्हटलं असतं, तर डॉक्टरांनी तिला औषध दिलं असतं, बाळंतपण शस्त्रक्रियेने करायचं ठरवलं असतं. पण घराचं नाव राखलं गेलं, आणि पोटातलं बाळ उघड्यावर पडलं.

फेब्रुवारीत मुलगी झाली. पावणेतीन किलोची, काळ्याभोर जावळाची. विनीतने तिला हातात घेतलं आणि तो तिच्या नाकाकडे, हनुवटीकडे, कानांकडे पाहत राहिला. तो काय शोधत होता ते संचिताला कळत होतं. तिने भिंतीकडे मान वळवली.

अकराव्या दिवशी सकाळी मुलगी दूध ओढेना. अंग तापलं होतं. रडणंही नेहमीचं नव्हतं, बारीक आणि एकसुरी. जावळात तीन टाचणीएवढे फोड दिसत होते. "उष्णता आसा," हौसाबाई म्हणाल्या. दुपारी बाळाचा डावा हात एका तालात झटके घेऊ लागला आणि थांबेना. तेव्हा मात्र त्या धावत शेजारी गेल्या आणि आल्बिनाबायना घेऊन आल्या.

आल्बिना फर्नांडिस चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, तरी वाडीतल्या कोणाचा ताप असो की कोणाचं टाक्याचं ड्रेसिंग, माणसं आधी त्यांच्याच दारात जात. त्यांनी बाळाला उघडं करून पाहिलं, फोडांवर क्षणभर नजर ठेवली आणि उठल्या.

"गाडी बोलव, विनीत. कुडाळाक, आत्ताच्या आत्ता. आंगारो-धुपारो काय्येक करूक बसू नकात. मी येतंय वांगडा."

कुडाळला नवजात बाळांचा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर अनुजा तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी बाळाला काचेच्या पेटीत घेतलं, हाताला सुई लावली आणि पाचच मिनिटांत बाहेर आल्या.

"आईला शेवटच्या दोन महिन्यांत खाली, नाजूक जागी फोड आले होते का?"

विनीत जमिनीकडे पाहत होता.

"नाही, नाही," हौसाबाई म्हणाल्या. "तसलं काही नाही."

"नीट आठवा. मला एकाच गोष्टीची शंका आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर एक क्षणही वाया जाणार नाही. लपवलंत तर तो वेळ तुमच्या मुलीचा जाईल."

संचिता भिंतीला धरून उभी होती. टाके अजून ओले होते. तिने सासूचा हात बाजूला केला.

"होते, डॉक्टर! पाच आठवड्यांपूर्वी. खूप होते. ताप होता, मला चालता येत नव्हतं. मला कोणाला सांगू दिलं नाही." मग ती थांबली आणि आवाज चढवून म्हणाली, "मी कोणाकडे गेले नाही. हे मला कुठून आलं ते मला माहीत नाही. तुम्हाला काय समजायचं ते समजा, पण माझ्या पोरीला औषध द्या!"

"मला तुमच्याबद्दल काहीच समजायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि धावतच आत गेल्या.

तासाभराने त्यांनी चौघांना आपल्या खोलीत बोलावलं.

"औषध सुरू झालंय. आता मला दुसरं सांगा. तुमच्या घरात ओठावर फोड कोणाला येतात?"

"म्हणजे जर?" हौसाबाई म्हणाल्या. "तो काय रोग आहे? मला पण उठतो. आणि ह्याला तर लहानपणापासून."

"शेवटचा कधी उठला होता?"

विनीतने मान वर केली. "जानेवारीत. मी घरी आलो तेव्हा."

"आणि त्यानंतर किती दिवसांनी यांना फोड आले?"

संचितानेच सांगितलं, "नऊ दिवसांनी ताप, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग हे तुमच्याकडून गेलंय, मिस्टर खवणेकर. ओठावरच्या त्या पाण्यात विषाणू असतो. घरातली माणसं मुके घेतात, त्यातून तो लहानपणीच पुष्कळांना लागतो आणि आयुष्यभर अंगात लपून राहतो. थकवा आला, ऊन लागलं, ताप आला की ओठावर वर येतो. तो फोड ओला असताना दुसऱ्याच्या अंगाला तोंड लावलं, तर जिथे लावाल तिथे तो उठू शकतो. फोड दिसत नसतानाही कधीकधी जातो, पण ओला असताना सगळ्यात जास्त. तुमच्या बायकोला तो पहिल्यांदाच झाला, तोही बाळंतपणाच्या तोंडावर. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळच मिळाला नाही. बाळ त्याच वाटेने बाहेर आलं."

बाहेरच्या बाकावर विनीत बराच वेळ बसून होता. आल्बिनाबाय त्याच्या शेजारी येऊन बसल्या. माणसाचा संशय किती चिवट असतो पाहा! इतकं ऐकूनही तो म्हणाला, "बाय, माजा ओठार आसा. तिचा खाली. असो कसो जाय?"

आल्बिनाबायनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"घोव-बायलेत काय काय जाता, ता मी चौतीस वर्सां आयकत इलंय. माका लाज नाय, तूय लाजू नको. तुज्या ओठार जर ओलो होतो, तेव्हा तुजा तोंड तिच्या अंगाक खंय खंय लागला, ता माका सांगू नको. तूच आठव."

विनीतची मान हळूहळू खाली गेली. कानापर्यंत लाल झाला होता तो.

"आठवला?" आल्बिनाबायनी विचारलं. "तिना तुका 'थांब' म्हटल्यान होता काय?"

"होय," तो कसाबसा म्हणाला.

"मगे बघ. जर उठणा ह्यो गुन्हो न्हय. तो तुका तुज्या आवशीकडसून इलो, तिका आणि कोणाकडसून. तू म्हायत नसताना दिलंस, तोय गुन्हो न्हय. पण ज्या दिवशी तिच्या अंगार फोड इले, त्या दिवशी तू तिका गाडयेत घालून डॉक्टराकडे नेलंस नाय. तू तिचो न्याय करूक बसलंस! माज्या नोकरीत मी अशा तीन बायका बघलंय. घोवान भायर काढलेल्यो. तिघींच्याय घोवांक ओठार जर उठत होतो. एकान पण स्वतःचा तोंड आरशात बघूक नाय."

विनीतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. आल्बिनाबायनी त्याला थांबवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

चार दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. बाळाच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात विषाणू सापडला होता, ओठावर जर उठवणारा तोच प्रकार.

एकवीस दिवस ती कोवळी पोर काचेच्या पेटीत होती. रोज तीनदा औषध शिरेतून जाई. शिरा सापडेनात, मग सुई कधी पायाला, कधी डोक्याला. संचिता दर तीन तासांनी दूध काढून वाटीत देई आणि काचेवर कपाळ टेकून उभी राही. पाटीवर नाव नव्हतं, 'संचिता यांचं बाळ' एवढंच लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात संचिताने कोणालाही न विचारता सिस्टरला नाव सांगितलं, उर्वी.

उर्वी वाचली. पण डॉक्टर अनुजांनी घरी सोडताना काही लपवलं नाही. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. मेंदूला सूज येऊन गेली होती, आकडी पुन्हा येऊ शकत होती. मान धरणं, बसणं, बोलणं, सगळं उशिरा होईल, आणि किती होईल हे आज कोणी सांगू शकत नाही. "फोड आले त्याच आठवड्यात तुम्ही आला असता," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर विनीतने संचितासमोर हात जोडले. "माका माफ कर."

तिच्या खांद्यावर उर्वी होती. तिने तिचं डोकं सावरलं आणि शांतपणे म्हणाली, "माफी तुमी माज्याकडे एकट्यात मागतास. आरोप करताना असो एकट्यात केलात? माज्या बापाशीक फोन केलात. वाडयेतल्या बायकांनी आयकल्यानी. जंय जंय ता गेला, थंय थंय जावन खरा सांगा. मगे माज्याकडे येवा. तेव्हाय मी काय म्हणान, ता माका आज म्हायत नाय."

हौसाबाई मागेच उभ्या होत्या. त्याच संध्याकाळी त्या राधाबाईंच्या अंगणात गेल्या. तिथे चारपाच बायका बसल्या होत्या. "मी सुनेवर नको ता लावलंय," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तिचो काय्येक दोष नाय. ता आमच्याच घरातला होता. माजा माज्या झिलाक, झिलाचा तिका. आणि मी तिका डॉक्टरापुढे बोलाक दिलंय नाय. माज्या नातीचो डोळो माज्या गपचिपीन गेलो." एवढं बोलून त्यांना घेरी आली, आणि बायकांनीच त्यांना धरून बसवलं.

विनीत दुसऱ्या दिवशी धामापूरला गेला. भाई खळ्यात सुपारी सोलत बसले होते. थोरला भाऊ, भावजय, दोन शेजारी, सगळे होते. विनीतला वाटलं, त्यांना आत बोलवावं, एकट्यात सांगावं. पण संचिताचे शब्द त्याला आठवले. तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने एकही गोष्ट न गाळता सांगितली. ओठावरचा जर सांगितला, बायकोने थांब म्हटलं तेही सांगितलं. न वाचलेल्या ओळी सांगितल्या. "तुमचा चेडू निर्मळ आसा," तो म्हणाला. "घाण माज्या डोक्यात होती. तुमी माका काय ती शिक्षा करा."

भाईंच्या हातातला कोयता तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"तुका मी काय शिक्षा करू रे? तू परको. तिका तू दोन वर्सां वळाखतस. मी तिचो बापूस. आवस गेल्यापासून ह्या हातांनी वाडवलंय तिका. आणि तुज्या एका फोनार मी विश्वास ठेवलंय. तिना तीन वेळा फोन केल्यान, मी तिका एक शब्द विचारलंय नाय. बाय, तुका काय झाला, दुखता काय, एवढा पण नाय!"

त्यांच्या थोरल्या भावाने काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली, पण भाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि ते उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं भावजय नंतर सांगत होती.

चार दिवसांनी भाई वाडीत आले. संचिता ओट्यावर चटई घालून उर्वीला पालथी निजवत होती, मान धरायचा व्यायाम दवाखान्यातून शिकवला होता. तिने वडिलांना येताना पाहिलं. ती उठली नाही, रडलीही नाही. भाई पायरीवर थांबले. मग ते चटईच्या उजव्या अंगाला, बाळाजवळ खाली बसू लागले.

"भाई," संचिता म्हणाली, "त्या डोळ्यान तिका दिसणा नाय. ह्या बाजूक येवन बसा, म्हंजे ती तुमका बघतली."

तो म्हातारा माणूस उठला, चटईला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि खाली बसताच लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. उर्वी त्या आवाजाकडे एका डोळ्याने बघत राहिली.

आज उर्वी दीड वर्षाची आहे. ती आधाराने बसते. आकडीचं औषध चालू आहे. विनीतने बोटीची नोकरी सोडून बंदरावर काम धरलं आहे. संचिता त्याच्याशी बोलते, पण पूर्वीसारखी नाही, आणि पूर्वीसारखं बोल असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला उमगलं आहे. महिन्यातून एकदा गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी तो आल्बिनाबायंबरोबर दवाखान्यात जातो आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यांना स्वतःची हकिकत सांगतो. काही जण हसतात, काही उठून जातात. तो सांगत राहतो.

वाचकहो, ही हकिकत घाबरवण्यासाठी लिहिलेली नाही. हा विषाणू पुष्कळांच्या अंगात आहे आणि त्यात कोणाला कमीपणा नाही. पण आपल्या ओठावर जर उठलेला असेल, तर तो सुकून खपली पडेपर्यंत बायकोच्या, नवऱ्याच्या, तान्ह्या बाळाच्या अंगाला तोंड लावू नका. आपला टॉवेल, पेला वेगळा ठेवा, फोडाला हात लागला तर हात धुवा. समोरचं माणूस 'थांब' म्हणालं, तर थांबा. आणि घरातल्या गरोदर बाईच्या अंगावर असे फोड आले, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या, तिथे तिला मोकळेपणाने बोलू द्या. लाज तिने कशाची धरावी? तिच्याकडे बोट दाखवायला जो हात उचलाल, त्याच हाताने तिला आधार देऊन गाडीत बसवा. औषध आहे, पण ते वेळेवर बोलणाऱ्यांनाच उपयोगी पडतं.